नव्याले आवाज द्याचा नाई

सौंदडच्या स्टेशनापलीकडे एक राइस मिल आहे. नाव सांगत नाही, उगाच मालक भांडायला दारात यायचा. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणारी मिल. धान मोठमोठ्या टाक्यांत गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. काम बारमाही, पगार वेळेवर, मालक शिव्याही देत नाही. माणसाला आणखी काय पाहिजे? पण या मिलमध्ये नवा माणूस दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नव्हता. सकाळी यायचा आणि जेवणाच्या भोंग्याच्या सुमारास गायब व्हायचा. काही जण तर चपला टाकून पळाले. अर्ध्या दिवसाची मजुरी मागायलाही कोणी परत आला नाही, आणि आपल्याकडे अर्ध्या दिवसाची मजुरी कोण सोडतो, तुम्हीच सांगा!

मॅनेजर हिमांशू गोंदिया शहरातला. मनानं चांगला, पण मोबाइलवर वाचलेलं सगळं खरं मानणारा. नव्या माणसाचं स्वागत नीट झालं नाही तर तो टिकत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं. झालं, स्वारी कामाला लागली. गेटवर ‘वेलकम’चं बॅनर लागलं. गुलाबाची फुलं आली, मिलचं नाव छापलेल्या पाण्याच्या बाटल्या आल्या. आणि हे सगळं निस्तरायचं कोणी? तर दिवाळीनंतर ऑफिसात लागलेल्या अल्कानं.

“अल्काजी, नये आदमी को एकदम घर जैसा लगना चाहिए,” हिमांशू म्हणाला. “बाकी आप देख लो.”

बाकी म्हणजे सगळंच.

अल्का सौंदडचीच. कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. बौद्ध घरातली पोर. भूतखेत, उतारे, अंगात येणं यातलं काहीही मानायचं नाही हे बापानं लहानपणीच शिकवलेलं, आणि ती मानतही नव्हती. शेजारणीनं दाराला लिंबू-मिरची बांधली की अल्का तिथंच उभी राहून हसायची. तिनं सांगितल्याप्रमाणे फुलं वाटली, बाटल्या वाटल्या. माणसं फुलासकट पळत राहिली.

तिला खरा राग होता तो आतल्या लोकांचा. एरवी या रेजा, म्हणजे मिलमधल्या मजूर बाया, दिवसभर एकमेकींची टिंगल करतात, हमालांना टोमणे मारतात. पण नवा माणूस शेडमध्ये शिरला की सगळ्यांच्या माना खाली. कोणी नाव विचारत नाही, कोणी पाणी देत नाही. त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, “पोते कुठं ठेवू जी?” तर नुसतं बोट दाखवायचे. ही माणसं आहेत की धोंडे, असं तिला वाटायचं.

एकदा तिनं पार्वताबाईला गाठलंच. पार्वताबाई रेजांमध्ये सगळ्यात जुनी. केस पांढरे, पण आवाज असा की बॉयलर चालू असतानाही ऐकू जाईल.

“काऊन वं पार्वताकाकू, नव्या माणसाशी बोलले तर तोंड झिजते का तुमचं?”

“आस्ते बोल ना!” पार्वताबाईनं टाक्यांकडे पाहिलं. दिवस डोक्यावर आला होता, लख्ख ऊन होतं, पण टाक्यांवर वाफेचा ढीग तसाच होता. ती आवाज खाली घेऊन बोलू लागली. तिचा आवाज खाली आलेला अल्कानं पहिल्यांदाच ऐकला.

“जुन्या मालकाच्या वेळची गोठ. ठेकेदारानं कुठून तरी एक मानूस आनला. पयलाच दिवस त्याचा. आल्या आल्या त्याले वर पाठवला, टाकीतलं धान सारखं कराले. भोंगा झाला, आमी सारे जेवाले बसलो. तो नाई आला. पन तो नाई आला हे कोनाले समजन? कोनी त्याले पायलं होतं धड? कोनी नाव विचारलं होतं? संध्याकाळी टाकी खाली केली, तवा...”

तिनं पदर तोंडाला लावला. 

“ठेकेदार पळाला. पोलिसायनं मानूस नेला. घरचं कोनी आलंच नाई, कोनाचा हाय तेच कोनाले मालूम नाई तं येईन कोन? आमी त्याले नवा म्हनतो. अजून वरच रायते तो. नव्या मानसाले आवाज देला का त्याले वाटते, मलेच बलावून राहिले. मंग तो येते. म्हनून पयल्या दिवशी नव्याले आवाज द्याचा नाई. नाव घ्याचं नाई. जेवन पार पडलं का मंग बोलाचं.”

“अन् तवरीक तो मानूस पळून जाते.”

“जिता तं जाते ना, पोरी!”

अल्का यावर हसणार होती. पण पार्वताबाईच्या तोंडाकडे पाहून तिला हसू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शालीकराम लागला. अर्जुनी मोरगावकडचा बायकापोरांचा माणूस, चांगला धट्टाकट्टा, पळणाऱ्यातला नव्हे. अल्कानं त्याला फूल दिलं, शेड दाखवली आणि ती ऑफिसात आली. जेवणाच्या भोंग्याला बाहेर आरडाओरडा झाला. बॉयलरवाल्या उदारामनं शालीकरामला टाकीच्या काठावरून कॉलर धरून मागं ओढलं होतं. त्याचा एक पाय पोटरीपर्यंत भाजला होता.

अल्कानं त्याच्या पायावर पाणी ओतलं, दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. तोपर्यंत तो गेटापाशी बसून राहिला. त्याला पाय दुखत असेल, पण त्याचं लक्षच नव्हतं पायाकडे.

“भल्ला चांगला मानूस होता जी तो,” तो म्हणाला. “सकाळपासून माह्यासंगं होता. पोतं कसं उचलाचं, धाप लागली तं कुठं बसाचं, सारं सांगतलं त्यानं. खांद्यावर वल्ला गमछा. भोंगा झाला तं म्हने, चाल, माह्या जागेवर बसून जेवू. वर नेलं. डबा उघडला त्यानं. त्याच्यात भिजलेलं धान होतं, ताई. कच्चं. टरफलासकट. मी म्हटलं, हे कसं खाचं? तं तो हासला अन् म्हने, अजून शिजाचं हाय, खाली उतर, आत गरम हाय.”

“अन् तू उतरत होतास?”

“होय.” शालीकरामनं तिच्याकडे पाहिलं. “भेव नाई लागला मले, तेच तं सांगून राहिलो. भेव आता लागून राहिला. सकाळपासून अख्ख्या शेडमध्ये तोच एकटा माह्याशी बोलला. त्यानं म्हटलं असतं तं मी गेलोच असतो.”

त्या दिवशी संध्याकाळी अल्का घरी चालत निघाली ती रस्ताभर मागं वळून पाहत. स्वतःला शिव्या देत होती, पण पाहत होती.

आणि घरी पोचली तर आई आनंदात. धाकट्या राजदीपला मिलमधून फोन आला होता, उद्यापासून ये म्हणून. आता बोंबला! पोरगा कॉलेज करून घरी बसला होता, हैदराबादला जातो म्हणून हट्ट धरून होता, आणि तो जवळ राहावा म्हणून अल्कानंच दिवाळीनंतर हिमांशूच्या कानावर त्याचं नाव घातलं होतं. शालीकरामची जागा रिकामी झाली आणि हिमांशूला नेमकं तेच नाव आठवलं.

ती घरात काय सांगणार होती? जाऊ देऊ नका, तिथं भूत आहे? ज्या घरात ती लिंबू-मिरचीवर हसली, त्या घरात? बाप बातम्या पाहत बसला होता. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोनदा “पाणी देऊ का?” एवढंच विचारलं. शेवटी तिनं ठरवलं, दिवसभर याच्या मागंच राहायचं. काम गेलं खड्ड्यात.

सकाळी धुकं इतकं की रुळांवरचा सिग्नल दिसेना. चालता चालता तिनं राजदीपला बजावलं.

“वर टाकीवर चढायचं नाही. कोणी जेवाले बोलावलं तरी जायचं नाही, मी येईपर्यंत.”

“अन् सू-सूले जाऊ शकतो का, मॅडम?”

“मस्करी करू नको, राजा. मार खाशील.”

“अजून काही?”

अजून काय सांगावं तिला सुचेना. मग आईचं ते नेहमीचं बोलणं तिच्या तोंडी आलं. दारात कोणीही आलं, भंगारवाला येवो की भिकारी, आई आधी नाव विचारायची. मानूस हाय तो, नाव असन त्याले, असं म्हणायची.

“ज्याच्याशी बोलशील, त्याचं नाव विचार आधी,” अल्का म्हणाली.

सकाळ बरी गेली. राजदीप पोती मोजून गाडीवर चढवत होता, ती समोर उभी. बायांच्या माना खाली. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, आणि अल्काला आज त्यांचा राग येत नव्हता. उलट तिलाच वाटत होतं, गप्प राहा ग बायांनो, अजिबात आवाज काढू नका. भीती माणसाला असं बदलते.

मग काट्यावर भांडण लागलं. धानाच्या ट्रकचं वजन चुकलं म्हणून ड्रायव्हर हमरीतुमरीवर आला आणि हिमांशूनं हाक मारली, “अल्काजी, जल्दी आइए!” ती गेली. तिला वाटलं, आत्ता येते. वजन पुन्हा झालं, ड्रायव्हरनं पुन्हा तोंड सोडलं, आणि ती कागदावर सही घेत असतानाच भोंगा वाजला.

सही तशीच टाकून ती पळाली.

शेडमध्ये सगळे ओळीनं जेवायला बसले होते. डबे उघडलेले. लाखोळीच्या डाळीचा वास येत होता. राजदीप नव्हता.

“राजदीप कुठं आहे?”

कोणी वर पाहिलं नाही. एकीचा घास हातातच राहिला.

“अरे, माझा भाऊ कुठं आहे?”

तेव्हा तिला तो ऐकू आला. वरून, टाक्यांच्या वाफेतून, राजदीपचं हसणं. घरी मित्रांसोबत हसतो तसंच, मोकळं. तो कोणाशी तरी बोलत होता. मधे थांबत होता, कोणीतरी उत्तर देत असल्यासारखं, आणि ते उत्तर काही खाली येत नव्हतं.

अल्का लोखंडी जिन्यावर धावली. पायऱ्या ओल्या होत्या. अर्ध्यावरून तिला दिसलं. राजदीप टाकीच्या काठावर बसला होता, एक पाय बाहेर, एक पाय आत लोंबत. मांडीवर एक जुना ॲल्युमिनियमचा डबा. सगळीकडे वाफ होती, पण त्याच्या शेजारी वाफ जात नव्हती. तिथं माणसाएवढी जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेतून पाणी ठिबकत होतं, खालच्या जाळीवर, टप टप.

“राज...”

मागून पार्वताबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारी धापा टाकत जिना चढून आली होती. “आवाज नको देऊ! नको देऊ, माय! त्यालेच वाटन!”

अल्कानं तिचा हात झटकला. त्या एका क्षणात तिला स्वतःचा पहिला दिवस आठवला. ती पण तर नवी होती! ती का पळाली नाही? तिला का कोणी ओल्या गमछ्यावाला भेटला नाही? कारण त्या दिवशी हिमांशूनं, ज्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, गेटापासूनच “अल्काजी, अल्काजी” लावलं होतं. टेबलावर समोसे मांडले होते. पहले खाओ, फिर काम, म्हणाला होता. तिला आवाज देणारं माणूस होतं, म्हणून दुसऱ्या कोणाला द्यावा लागला नाही.

आणि ही सगळी खुळी माणसं इतकी वर्षं उलटंच करत होती.

“काकू, आवाज दिला म्हणून तो येत नाही,” ती म्हणाली. “कोणी देत नाही म्हणून येते. तुम्ही नव्या माणसाशी बोलत नाही, म्हणून तो बोलते बिचारा. आता द्या आवाज! सगळ्यांनी द्या!”

 पार्वताबाईनं पदर कमरेला खोचला आणि तो बॉयलरवरचा आवाज लावला. “राजदीऽऽप! जेवाले ये, बापा!”

खालून उदारामनं आवाज दिला. मग एक रेजा, मग दुसरी, मग हमाल. अख्खी शेड त्याचं नाव घेत होती. अल्काचे डोळे भरून आले.

वाफेतून राजदीपनं मान वळवली. “आलो, ताई. थांब ना थोडं. हे एकटे आहेत. म्हणतात, एकट्यानं जेवण जात नाही.” आणि बाहेरचा पायही त्यानं आत घेतला.

अल्का जागीच थांबली. आणखी एक पायरी चढायचं तिला धाडस होईना. ती धावली आणि तो दचकला तर संपलंच. आता काय करू? घरी आईला काय सांगू? भूत मी मानत नाही, ती मनात म्हणत होती, भूत मी मानत नाही. पण पहिल्या दिवशी उपाशी राहिलेला माणूस? तो तर मानावाच लागेल. त्याला कुणी जेवायला बोलावलंच नव्हतं.

“राजदीप,” तिनं आवाज जमेल तितका साधा ठेवला, “त्यांचं नाव विचारलंस का तू?”

“विचारलं ना. तूच तर सांगितलं होतं.” तो हसला. “दुधराम.”

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. पार्वताबाईनं जिन्याचा कठडा घट्ट धरला. इतकी वर्षं त्या टाकीखाली बसून जेवले होते ते, आणि आज त्याचं नाव ऐकत होते.

“दुधरामभाऊ,” अल्कानं हाक मारली.  “तुम्हीपण या जेवाले. दोघंही या. डबे उघडले आहेत, तुमच्यासाठी थांबलो आहोत आम्ही.”

काही झालं नाही. मग टपटप थांबली.

राजदीपनं एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि तो उठून जिन्याकडे आला. अल्का आणि पार्वताबाई मागं मागं सरकत खाली उतरल्या. राजदीपच्या बुटांचा आवाज लोखंडावर ठण ठण येत होता. आणि त्याच्या मागून, एक पायरी सोडून, अनवाणी, ओल्या पावलांचा.

कोणी पळालं नाही. का नाही पळालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पार्वताबाई ओळीत आपल्या जागी बसली आणि बाजूच्या बाईला कोपरानं ढकलून म्हणाली, “सरक ना वं, जागा कर.” ओळ सरकली. राजदीप बसला. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी राहिली, आणि त्या जागेखालची फरशी हळूहळू ओली होत गेली.

पार्वताबाईनं आपल्या डब्याचं झाकण तिथं ठेवलं. त्यात भात वाढला. काही शितं सांडली. उदारामनं डाळ घातली. कोणी वांग्याची भाजी, कोणी सुकटाची चटणी. झाकण एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि परत त्या जागी आलं. मग प्रत्येकानं आपापल्या डब्यात डोकं घातलं. त्या जागेकडे कोणी पाहिलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. भुकेलं माणूस जेवते, तसा तो आवाज होता.

राजदीपचं तोंड आता कुठं पांढरं पडत होतं. त्यानं स्वतःच्या पँटकडे पाहिलं, गुडघ्यापर्यंत वाफेनं भिजलेल्या, मग वर टाकीकडे, मग शेजारी. अल्कानं त्याचा हात धरून ठेवला.

एवढ्यात हिमांशू आला. हातात समोशांची पुडी, दुसऱ्या हातात गुलाब. ट्रकच्या भानगडीत स्वागत राहून गेलं म्हणून घाईघाईनं.

“सॉरी सॉरी, लेट हो गया! नया बंदा कौन है?”

राजदीपनं शेजारी बोट दाखवलं.

“साहेब, फूल पहिले यांना द्या. हे माझ्याआधीचे आहेत.”

हिमांशू हसला. मग त्यानं ओळीकडे पाहिलं. कोणीही हसत नव्हतं. त्यानं ओली फरशी पाहिली, झाकण पाहिलं, रिकामं, चाटूनपुसून साफ केलेलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो वाकला आणि त्यानं त्या मोकळ्या जागेत फूल पुढं केलं.

फूल त्याच्या हातातून गेलं. खाली पडलं नाही. हिमांशूनं हात मागं घेतला तेव्हा त्याची बोटं ओली होती.

“वे... वेलकम,” तो पुटपुटला.

“नाव घ्या, साहेब,” पार्वताबाई म्हणाली. “नाव हाय त्याले.”

“दुधराम,” अल्कानं सांगितलं.

“वेलकम, दुधरामजी.”

 मग पार्वताबाई आणखी थोडी सरकली आणि तिनं आपल्या बाजूची जमीन पदरानं पुसली.

“बसा ना आता तुमीबी,” ती मॅनेजरला म्हणाली. “भात थंडा होऊन राहिला.”